बायपासनंतरचा पेग आणि तळपायांची खाज

आषाढ सरत आला की ठाण्यात गटारीचे बेत शिजू लागतात, आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आम्हा मंडळींच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. विचारणारा आधी आजूबाजूला पाहतो, बायको जरा लांब बसली आहे याची खात्री करून घेतो आणि आवाज खाली आणून बैठकीला आलेल्या डॉक्टरांना म्हणतो, ‘‘डॉक्टर, एखादा पेग झाला की तळपाय विलक्षण खाजतात. हे ऑपरेशनमुळे होते का?’’ माझी स्वतःची मिनी बायपास, म्हणजे जठराच्या बायपासचाच एक प्रकार, झालेली आहे आणि हा अनुभव मलाही आलेला आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या मागे मी बराच काळ लागलो होतो. सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टर या तिघांकडून जे समजले आणि त्यानंतर जे वाचले, ते येथे मांडत आहे. मी डॉक्टर नाही. महापे येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालेला माणूस आहे. यंत्र का बंद पडते हे शोधण्याआधी ते नेमके कधी बंद पडते हे विचारण्याची आम्हा लोकांना सवय असते, आणि या खाजेच्या बाबतीतही तोच प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, असे माझे मत झाले आहे.

पेग घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुटणारी खाज, त्याच रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर सुटणारी खाज, आणि एरवीही थोडीफार असणारी पण दारूनंतर असह्य होणारी खाज, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. मेडिकलच्या दुकानात मात्र तिघींवर एकच उत्तर मिळते. ‘‘काका, ॲलर्जी असेल, सेट्रिझिन देऊ का?’’ असे विचारणाऱ्या मुलाचा त्यात दोष नाही, कारण आपण त्याला खाज एवढेच सांगितलेले असते.

शस्त्रक्रियेने काय बदलते, हे आधी पाहिले पाहिजे. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, तर स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकून एक अरुंद नळी मागे ठेवतात. सामान्य माणसाच्या जठरात दारू काही काळ थांबते, तिचा थोडा भाग अल्कोहोल डीहायड्रोजनेज नावाच्या एन्झाइममुळे तेथेच मोडला जातो, आणि जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप उरलेला भाग हळूहळू आतड्यात सोडते. बायपासनंतर जठराचे अस्तर वाट्याला थोडे येते आणि ती झडप तर वाटेतच येत नाही. दारू जवळजवळ सरळ लहान आतड्यात उतरते, जेथे ती सर्वांत वेगाने शोषली जाते. अमेरिकेत बायपास झालेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेवढ्याच दारूने रक्तातील अल्कोहोलची कमाल पातळी शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आणि कितीतरी लवकर गाठली गेली, असे दिसले होते. स्लीव्हमध्ये झडप शाबूत राहते, म्हणून तेथे हा धोका नाही असे पूर्वी समजले जाई; नंतरच्या मोजमापांत स्लीव्ह झालेल्यांमध्येही असाच वेग आढळला आहे.

याचा एक परिणाम खाजेच्या विषयाबाहेरचा आहे, पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही. वाहनचालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर तो गुन्हा ठरतो. ‘एकच तर घेतला आहे’ हा जुना हिशोब शस्त्रक्रियेनंतर लागू पडत नाही, आणि येऊरहून उतरताना किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या नाकाबंदीत हे श्वास तपासणारे यंत्रच सांगते. आमच्यापैकी कोणीही पेगनंतर गाडीच्या चावीला हात लावू नये, या मताचा मी आहे.

आता पहिल्या प्रकारची, म्हणजे पेगनंतर काही मिनिटांतच सुटणारी खाज. अल्कोहोलमुळे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा गरम होते आणि चेहरा, कान, तळहात, तळपाय लालसर होतात. रक्तातील पातळी जितकी झपाट्याने वर जाईल, तितका हा परिणाम जास्त जाणवण्याची शक्यता असते. त्यात यकृतात अल्कोहोल मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो, तो शरीरातील काही पेशींमधून हिस्टॅमिन बाहेर सोडायला लावतो, आणि हिस्टॅमिन म्हटले की खाज आलीच. शिवाय रेड वाइन आणि बिअर यांमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेतून आलेले हिस्टॅमिन मुळातच असते. बाहेरून आलेले हिस्टॅमिन मोडण्याचे काम मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातील डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम करते, आणि दारू नेमक्या त्याच एन्झाइमच्या कामात अडथळा आणते. ज्यांना वाइनने किंवा बिअरने तळपाय खाजतात, पण जिनने किंवा व्होडकाने तितका त्रास होत नाही, त्यांच्या बाबतीत हे कारण संभवते. मात्र हे तपासून पाहण्यासाठी एकामागून एक बाटल्या उघडण्याचा प्रयोग कोणी करू नये; झालेल्या गोष्टी आठवून लिहून काढल्या तरी डॉक्टरांना पुरेसे समजते.

दारूवर सगळा आळ घेण्याआधी चखण्याकडेही पाहावे. आपल्याकडे पेगबरोबर तळलेली कोळंबी, बांगडा, सुरमई, मसाला शेंगदाणे असे काही ना काही असतेच. कोळंबी आणि शेंगदाणे ही ॲलर्जीची सर्वपरिचित कारणे आहेत, आणि पोटात अल्कोहोल असताना एरवी चालणारा पदार्थही अंगावर उठू शकतो. बांगडा आणि सुरमई यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. हे मासे पुरेशा बर्फात ठेवले नाहीत तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टॅमिन तयार होते, आणि ते तळून किंवा शिजवून नष्ट होत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणजे गटारीच्या आसपास बाजारात येणारा मासा पुष्कळदा लांबून आणि साठवणुकीतून आलेला असतो. असा मासा खाल्ल्यावर तासाभरातच चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके ठणकणे असे झाले, तर ती माशाची ॲलर्जी आहे असे धरून लोक आयुष्यभर मासे सोडतात. प्रत्यक्षात दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. तोच मासा खाल्लेल्या आणखी कोणाला तसेच झाले का, हे विचारले की उलगडा होतो.

या पहिल्या प्रकारात सेट्रिझिनसारखी गोळी काम करते, हे खरे आहे. पण ती दारूवर घेतली तर झोप आणि गुंगी वाढते, आणि आमच्यासारख्यांमध्ये दारूचाच अंमल दुप्पट असताना ती भर नको. खाज तळपायांपुरती न राहता अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडू लागला किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर गोळीच्या परिणामाची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.

दुसरा प्रकार रात्रीचा. यात ठाणे-नवी मुंबईच्या पावसाचा वाटा मोठा आहे, आणि तो आमच्या बैठकीत कोणीच बोलून दाखवत नाही, कारण पायाच्या बुरशीपेक्षा शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम अधिक भारदस्त वाटतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ठाणे स्थानकाबाहेरच्या पाण्यातून चालत जाऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची आणि ओले मोजे बंद बुटात घेऊन दिवस काढायचा, हे हजारो लोक करतात. मी कारखान्यात पाळीभर सेफ्टी शूज घालून वावरत असे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की त्या दिसतात, विशेषतः शेवटच्या दोन बोटांच्या मधे, आणि माणूस उपाय करतो. पण बुरशीचा एक प्रकार असा असतो की तो तळपायावर आणि टाचेच्या कडेने पसरतो, त्वचा फक्त कोरडी, जाडसर आणि पिठूळ दिसते, आणि भेगा पडल्या असे समजून माणूस व्हॅसलीन चोळत राहतो. अशा पायांतील रक्तवाहिन्या दारूने रुंदावल्या, त्यावर पांघरुणाची ऊब मिळाली, की मुळात असलेली सौम्य खाज भडकते. दारू येथे कारण नसते, निमित्त असते.

येथे एका गोष्टीबद्दल मला फार चीड आहे. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये मिसळलेली मलमे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड दाह दाबते, पण बुरशी मात्र आत पसरत राहते. देशभर नायट्याचे औषधांना न जुमानणारे जे प्रकार वाढले आहेत, त्यामागे या मलमांचा मोठा हात असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. तळपायाची पापुद्र्यासारखी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी अगदी साधी आणि स्वस्त आहे. ती करून घेतल्यावर अंदाजाला जागा राहत नाही.

रात्रीच्या खाजेचे दुसरे कारण यकृत आणि पित्ताशी संबंधित आहे, आणि ते आमच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. वजन झपाट्याने उतरते तेव्हा पित्तातील कोलेस्टेरॉल वाढून पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच अनेक सर्जन शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. एखादा खडा पित्तनलिकेत अडकला किंवा यकृतातच पित्ताचा प्रवाह मंदावला, तर तळहात आणि तळपाय यांना खाज सुटते, ती रात्री वाढते आणि त्वचेवर पुरळ मात्र काहीच दिसत नाही. लघवी गडद होणे, शौचाचा रंग फिकट होणे, डोळे पिवळे दिसणे आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही सोबतची चिन्हे असतील तर दारू ताबडतोब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आमच्यापैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेपूर्वी फॅटी लिव्हर असतेच, आणि तशा यकृतावर दारूची भर पडणे ही हलकी बाब नाही. बायपास झालेल्यांसाठी यात आणखी एक अडचण असते. पित्तनलिकेतील खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिचा मार्गच शस्त्रक्रियेने बदललेला असतो, त्यामुळे तेथे वेगळी तयारी आणि वेगळा अनुभव असलेले डॉक्टर लागतात. कोणत्याही रुग्णालयात गेल्यावर आपली शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली आहे, हे आधी सांगावे आणि शक्य तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

तिसरा प्रकार, म्हणजे एरवीही थोडीफार असणारी पण दारूनंतर असह्य होणारी खाज, नसांचा; आणि माझ्या मते वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि दारू या दोहोंचा खरा सांधा येथेच आहे. शरीरातील सर्वांत लांब नसा पायांच्या टोकापर्यंत जातात, म्हणून पोषण कमी पडले की त्यांची टोके आधी कुरकुरू लागतात. सुरुवात बहुतेकदा दोन्ही तळपायांत सारखीच होते. मुंग्या, आग, टोचल्यासारखे वाटणे आणि काहींच्या बाबतीत खाज, असे तिचे रूप असते. ही खाज ओळखण्याची खूण अशी की कितीही खाजवले तरी समाधान होत नाही, त्वचेवर काही दिसत नाही आणि त्याच जागी स्पर्श थोडा बोथट झालेला असतो. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, इथपर्यंत गोष्ट गेली असेल तर नसांचे नुकसान बरेच पुढे गेले आहे, असे समजावे.

या नसांना लागणारे बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि आतड्यात शोषले जाण्यासाठी जठराच्या पेशींतून येणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर लागतो. स्लीव्हमध्ये या पेशींचा बराच भाग कापला जातो आणि बायपासमध्ये अन्नाची त्यांच्याशी भेटच होत नाही. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच काही जाणवत नाही; माणूस निर्धास्त होतो, गोळ्या आणि इंजेक्शने सुटतात, आणि दोन-तीन वर्षांनी पाय बोलू लागतात. आपल्यातील शाकाहारी मंडळींचा साठा मुळातच तोकडा असतो. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ही दोन्ही औषधे बी-१२ आणखी खाली नेतात.

बी-१२ सगळ्यांना माहीत असते, पण थायमिन म्हणजे बी-१ कडे दुर्लक्ष होते, आणि दारूचा थेट वार त्यावरच असतो. थायमिनचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. दारू त्याचे आतड्यातील शोषण कमी करते आणि त्याच्या वापरातही आडवी येते. शस्त्रक्रियेनंतर जेवण कमी, त्यात उलट्या, त्यात दारू, असे एकत्र आले तर थायमिन काही आठवड्यांतच संपू शकते. याचे टोकाचे रूप फार घातक असते. माणूस झोकांड्या देत चालतो, त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळ्यांची बुबुळे नीट हलत नाहीत, तो असंबद्ध बोलतो. पेग घेतलेल्या माणसाच्या बाबतीत घरचे लोक, आणि कधी कधी दवाखान्यातील कर्मचारीही, याला नशा समजून झोपू देतात. ही तातडीची अवस्था आहे, त्यात थायमिन शिरेवाटे द्यावे लागते, आणि ते ग्लुकोजच्या सलाइनबरोबर किंवा त्याआधी देण्याची काळजी घेतात, कारण थायमिनशिवाय दिलेले ग्लुकोज उरलासुरला साठाही खाऊन टाकते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरात हे निदान एका माणसाला माहीत असावे.

नसांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी मज्जातंतुतज्ज्ञांनी मला समजावल्या. तांबे कमी पडले तरी बी-१२ च्या कमतरतेसारखीच लक्षणे दिसतात, आणि केस गळतात म्हणून जास्त मात्रेत जस्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तांबे कमी होते, कारण जस्त त्याचे शोषण अडवते. बी-६ कमी पडले तर नसा बिघडतात, तसेच जास्त झाले तरीही बिघडतात. नसांच्या ताकदीसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या मिश्र इंजेक्शनांत आणि गोळ्यांत ते भरपूर असते, त्यामुळे आपल्या मनाने ती वर्षानुवर्षे घेणे हिताचे नाही. तिसरी गोष्ट मधुमेहींसाठी आहे. फार वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आली तर काहींच्या पायांत त्याच सुमारास आग आणि वेदना सुरू होतात, आणि बायपासनंतर साखर नेमकी अशीच झपाट्याने उतरते. साखर सुधारली असताना पाय का बिघडले, या कोड्याचे हे एक उत्तर आहे.

उरलेली कारणे थोडक्यात सांगतो. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि बायपासमध्ये तोच भाग वगळला जातो. लोहाच्या कमतरतेने पुरळ नसतानाही अंग खाजते, आणि यकृताला सूज असेल तर लोहाचा साठा दाखवणारा फेरिटिनचा आकडा खोटा चांगला दिसू शकतो. छोट्या जठरामुळे पाणी एका दमात पिता येत नाही, दारूने लघवी वाढते, त्वचा कोरडी पडते आणि कोरडी त्वचा खाजते. थायरॉइड आणि मूत्रपिंड यांचे विकारही खाज आणतात. वजन वेगाने उतरताना युरिक ॲसिड वाढते, बिअरने ते आणखी वाढते, आणि अंगठ्याच्या सांध्याला आलेला गाउटचा झटका ओसरताना त्यावरची त्वचा खाजते व सोलते. तळपाय लालभडक होऊन तव्यासारखे तापत असतील आणि गार पाण्यात ठेवल्यावरच बरे वाटत असेल, तर एरिथ्रोमेलाल्जिया नावाच्या विरळ विकाराचा विचार करावा लागतो, ज्यात उष्णता आणि दारू दोन्ही त्रास वाढवतात. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना दारू घेऊ नये, हे गोळीच्या पाकिटावर लिहिलेले असते, तरीही अंग लाल होऊन धडधड सुटल्यावरच अनेकांना ते आठवते. गोड कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेली रम घेतल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर आणि ओठांना-बोटांना झिणझिण्या आल्या, तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, कारण बायपासनंतर साखर उलट कोसळण्याचा धोका असतो आणि दारू यकृताला ती सावरू देत नाही.

माझ्या बाबतीत काय निघाले, हेही सांगतो. त्वचारोगतज्ज्ञांनी टाचेची त्वचा खरवडून तपासली, त्यात बुरशी सापडली. त्यांच्याच सांगण्यावरून रक्ततपासणी केली, त्यात बी-१२ बरेच खाली होते. यकृताचे आकडे, फेरिटिन आणि युरिक ॲसिड मर्यादेत होते. मज्जातंतुतज्ज्ञांनी कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवला, तेव्हा त्याची थरथर मला उजव्या पायात लवकर कळेनाशी झाली. म्हणजे दोन कारणे एकाच तळपायावर राहत होती, आणि एकाचा उपचार करून थांबलो असतो तर दुसरे तसेच राहिले असते. बुरशीची खाज औषध लावल्यावर काही आठवड्यांत गेली. पोटात घेण्याच्या गोळ्या लागल्या नाहीत; लागल्या असत्या तर त्याआधी यकृताची तपासणी करावी लागली असती. बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाल्यावर मुंग्या हळूहळू कमी होत आहेत. तुटलेले मज्जातंतू चांगल्या परिस्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, त्यामुळे या बाबतीत घाई चालत नाही, आणि नसांची पुढची तपासणी होईपर्यंत दारू बंद, असे मला बजावण्यात आले आहे.

दारू अजिबात घ्यावी की नाही, यावर सर्जन लोकांत एकमत नाही. शस्त्रक्रियेनंतर निदान पहिले सहा महिने ते एक वर्ष ती पूर्ण टाळावी, यावर बहुतेकांचे एकमत आहे, आणि बायपास झालेल्यांनी कायमची सोडावी असे सांगणारेही आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या पाठपुराव्यात बायपासनंतर पाच वर्षांत सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांमध्ये दारूच्या व्यसनाची लक्षणे नव्याने दिसली होती. पूर्वी जेवणात मिळणारा आनंद आता ग्लासात शोधला जातो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. रक्तातील पातळी एवढ्या झटक्याने चढते, हेच मला त्याहून अधिक पटणारे कारण वाटते. खाजेसाठी दवाखान्यात गेलेल्या माणसाने आपले प्रमाण वाढते आहे का, हेही त्याच बैठकीत सांगितले तर बरे.

आणि ते सांगताना ‘कधीमधी, थोडीशी’ हे माप वापरू नये. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग असतात, तरी बैठकीत ती ‘नुसती बिअर’ म्हणून मोजली जाते. हा हिशोब डॉक्टरांना एका ठोस कारणासाठी हवा असतो. रक्ताच्या साध्या तपासणीत एमसीव्ही नावाचा आकडा येतो, जो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. तो बी-१२ कमी पडल्यानेही वाढतो आणि नियमित दारूनेही वाढतो, आणि सोबत लोह कमी असेल तर एरवी वाढला असता तो आकडा सामान्य दिसतो. कागदावरचा हा एकच आकडा यांपैकी काय सांगतो आहे, हे ठरवण्यासाठी समोरच्या डॉक्टरांना आठवड्याचे खरे मिलिलिटर माहीत असावे लागतात.